गिनतीतला चौदावा

रविवारी संध्याकाळी आमची खानावळ बंद असायची. दुपारचं जेवण झालं की मावशी दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून प्रत्येकाच्या हातावर ठेवायच्या आणि आतून कडी घालून घ्यायच्या. साताऱ्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तयार मालाची मापं तपासायचो. दिवसभरात फार तर वीस वाक्यं बोलायचो आणि त्यातली निम्मी ‘रिजेक्ट’ या एकाच शब्दाची असायची. असा निरोप घेऊन येणाऱ्याला चहाला कोण बोलावणार?

सगळा दोष नोकरीचा नव्हता. माझा स्वभावच तसा. मला पटकन लागतं. लागलं की मी भांडत नाही, तोंड फिरवतो आणि समोरच्याला आपलं काय चुकलं ते उमगेपर्यंत फुगून बसतो. त्याला बहुधा उमगतच नाही. आई म्हणायची, हा रुसला की घरात कुणी आजारी असल्यासारखं सगळ्यांनी हळू बोलायचं.

आई होती तोवर दर शनिवारी मी पॅसेंजरनं सांगलीजवळ माधवनगरला जायचो. वडील तिथल्या कापडगिरणीत होते, ते आधीच गेले. दोन खोल्यांचं घर, त्यात भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आई गेल्यावरही काही महिने मी जात राहिलो. वहिनी मनानं चांगली होती, ती मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. पण मी चपला काढतोय न काढतोय तोच ती विचारायची, “भाऊजी, परत कधी जायचं?” तिला पीठ किती मळायचं, सोबत डबा द्यायचा की नाही, ते बघायचं असायचं. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, आलेल्या माणसाला उंबऱ्यावरच जाण्याची वेळ विचारतात. दिवाळीला गेलो तेव्हाही तिनं तेच विचारलं. मी भावाला ओव्हरटाइमचं कारण सांगितलं आणि त्याच दिवशीच्या गाडीनं परत आलो. तेव्हापासून माझे रविवार साताऱ्यातच जाऊ लागले.

रविवार घालवणं फार अवघड. कपडे धुऊन, इस्त्री करून, पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून झाला तरी साडेदहाच वाजलेले असायचे. मग मी एसटी स्टँडवर जाऊन बसायचो. सांगलीची गाडी लागली की उठून फलाटापर्यंत जायचो, पाटी वाचायचो, चढणारी माणसं बघायचो आणि गाडी सुटली की परत बाकावर येऊन बसायचो. एकदा तिथल्या कंट्रोलरनं मला विचारलं, कुणाची वाट बघताय का. मी हो म्हणालो. त्यानंतर दोन रविवार मी स्टँडवरही गेलो नाही.

खानावळीत हात धुवायच्या जागेच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला असायचा. जाड ड्रॉइंग पेपर आणि त्यावर रंगीत शाईनं काढलेली वळणदार अक्षरं. दर आठवड्याला कागद बदलायचा आणि डोंगराचं नाव बदलायचं. बाकी मजकूर तोच: रविवारी पहाटे पावणेसहा, एसटी स्टँड, डबा आणि पाणी आपापलं, कुणीही यावं. वर्गणी नाही, मंडळाचं नाव नाही, सही नाही. हात धुता धुता मी तो कागद चार आठवडे वाचला. ‘कुणीही’ म्हणजे नक्की कोण, यावर माझं मनातल्या मनात बरंच भांडण झालं. ‘कुणीही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काही माणसं असतात आणि मी त्यांतला नसतो, असा माझा अनुभव होता. पाचव्या आठवड्यात कागदावर चंदन-वंदन लिहिलं होतं. हे जोडकिल्ले मी महामार्गावरून येताजाता पाहिले होते, एकाच उंचीचे, शेजारी शेजारी. शनिवारी मी मावशींकडून पोळ्या-चटणी आगाऊ मागून घेतली.

पहाटे स्टँडवर थंडी मी म्हणत होती. चहाच्या टपरीपाशी दहाबारा माणसं उभी होती. कुणाच्या पाठीला शाळेचं दप्तर, कुणाच्या खांद्याला शबनम, एकाच्या हातात तर बाजाराची पिशवी. त्यांच्या मधोमध खाकी टोपीतला एक उंच म्हातारा होता. साठीच्या आसपासचा, पाठ सरळ, मिशी पांढरी. सगळे त्यांना मेजर म्हणत होते. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, हे मला नंतर कळलं.

मी टपरीच्या अलीकडेच थांबलो. कुणी बोलावलं तर जायचं, नाहीतर चहा पिऊन परत फिरायचं, असं ठरवलं होतं. मेजर स्वतःच चालत आले.

“डोंगराला का?”

मी मान हलवली.

“गाव कुठलं?”

“माधवनगर. इथं एमआयडीसीत आहे.”

आता पुढचा प्रश्न आडनावाचा, हे मला पाठ होतं. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण काहीतरी हलतं. पुढे तो माणूस माझ्याशी कितीही चांगला वागला तरी तो अर्धा क्षण माझ्या मनातून जात नाही. मी आडनाव तोंडात तयार ठेवून उभा राहिलो. मेजरांनी नुसती माझ्या चपलांकडे नजर टाकली, ठीक आहे म्हणाले आणि मग म्हणाले, “हितं आडनाव इचारायचं न्हाई, सांगायचं न्हाई. नंबर घ्यायचा. तू श्येवटी हुबा ऱ्हा.”

त्या मंडळींची रीतच तशी होती. निघताना सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं. मेजर पलटणीतल्यासारखा हुकूम द्यायचे, “गिनती कर!” एकचा आकडा स्वतः म्हणायचे आणि मग ओळीतून दोन, तीन, चार असे आकडे सुटायचे. ज्यानं जो आकडा म्हटला तो त्याचा दिवसभराचा नंबर. हाकाही त्याच. ए सात, पाण्याची बाटली दे. आठ, दम खा जरा. कंपाउंडर, शिंपी, बँकेतला शिपाई, ड्रॉइंगचे मास्तर, कुणाचं काय आहे ते ज्यानं त्यानं हवं तर सांगावं, कुणी विचारणार नाही. मेजरांनी हा नियम का केला होता ते मला कुणी सांगितलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही.

शेवटून दुसऱ्यानं तेरा म्हटलं आणि मी चौदा म्हणालो. माझा आवाज थोडा चिरकला. बऱ्याच दिवसांत मी मोठ्यानं काही म्हटलेलं नव्हतं.

एसटीत मला खिडकी मिळाली. शेजारी मास्तर बसले, तेरा नंबरचे. खानावळीतला कागद आणि गावात इतरत्र लावलेले तसेच कागद तेच रंगवायचे. चाळिशीचे, बोलके, शहरी बोलणं. त्यांनी मला सांगितलं की पाच वर्षं हे असंच चाललंय, कधी चार माणसं येतात तर कधी वीस. कागद कुठं वाचलास, या त्यांच्या प्रश्नाला मी खानावळीचं नाव सांगितलं; एरवी खूप काही बोलायचं असूनही फक्त हो, का, अच्छा एवढंच बोलत राहिलो. तरी मन सुखावलं होतं, हे कबूल करतो. उतरल्यावर शेतातून चालताना कुणीतरी मागं वळून ओरडलं, “चौदा कुठाय रं?” आणि दुसरा म्हणाला, “हाय, हाय, माझ्या म्होरं हाय.” एवढ्यानं माझ्या पायात जोर आला.

दोन्ही किल्ल्यांच्या मध्ये एक खिंड आहे आणि खिंडीपाशी एक लहानशी वाडी. तिथवर चढायलाच आमचे दोन तास गेले. गवत वाळायला लागलं होतं, विजारीत कुसळं घुसून टोचत होती. खिंडीत पुन्हा गिनती झाली आणि पुन्हा मी चौदा म्हणालो. या वेळी आवाज चांगला निघाला. मग आम्ही वंदनवर चढलो. वर पडके दरवाजे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, तुटकी तटबंदी आणि चहूबाजूंनी वारा. मेजरांनी टाक्यांपासून लांब राहायला बजावलं. शेवाळ असतं, पाय घसरला की माणूस वर येत नाही, म्हणाले.

जेवणाची वेळ झाली आणि माझ्या चांगल्या दिवसाला तिथं फाटा फुटला.

त्यांनी एक मोठी चादर अंथरली. प्रत्येकानं आपला डबा उघडून मधोमध ओतायला सुरुवात केली. भाकरी एका ढिगात, पोळ्या दुसऱ्या ढिगात, वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, कुणी डिंकाचे लाडू आणले होते. कुणाचं काय, हे ओळखू येणारच नाही असं सगळं एकत्र. ही त्यांची दुसरी रीत होती आणि माझ्यासाठी केल्यासारखीच होती. पण माझ्या पिशवीत कालच्या दोन वाळक्या पोळ्या आणि कागदात तेल सुटलेली चटणी होती. घरचा डबा नसलेला त्या चौदा जणांत मी एकटाच होतो. प्रत्येक डब्यामागे कुणीतरी पहाटे उठलेलं दिसत होतं.

“चौदा, काढ की तुझा डबा,” कंपाउंडर म्हणाला.

मी म्हणालो, माझं पोट बरं नाही. मास्तर लगेच म्हणाले की दहीभात आहे, पोटाला चालेल. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तटाच्या कडेनं चालत सुटलो. एक मन म्हणत होतं, वाळक्या तर वाळक्या, टाक त्या ढिगात, कोण बघतंय. दुसरं मन म्हणत होतं, उद्या यांना माझं आडनाव कळेल आणि मग यांतलं कुणीतरी आजच्या घासाची आठवण काढेल. त्यांनी तसं काहीही केलेलं नव्हतं. मीच त्यांच्या वतीनं करून ठेवलं होतं.

किल्ल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पडक्या बुरुजाच्या आडोशाला बसून मी त्या पोळ्या खाल्ल्या. डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला. ऊन छान लागत होतं, पहाटे चारला उठलो होतो. पिशवी उशाला घेतली आणि झोप लागली.

जाग आली तेव्हा वर कुणीच नव्हतं. चादर घातली होती तिथं गवत तेवढं दबलेलं होतं. सगळे तुकड्यातुकड्यांनी उतरले असणार आणि मी पुढच्या नाहीतर मागच्या टोळक्यात असेन, असं प्रत्येकाला वाटलं असणार. मी धावत तटाच्या कडेला आलो. खाली खिंडीत ते ओळीत उभे होते. माणसं बोटाएवढी दिसत होती पण मेजरांची टोपी ओळखू येत होती. माझ्या जिवात जीव आला. आता गिनती होईल, आकडा तेरावर अडेल आणि सगळे वर बघतील. तेव्हा हात हलवायचा, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर तो क्षण मला हवाहवासा वाटत होता. आपण नाही म्हणून कुठंतरी काहीतरी अडलंय, हे मला बघायचं होतं.

वारा पडला होता. आकडे वरपर्यंत येत होते. अकरा, बारा, तेरा.

“चौदा!” एक खणखणीत आवाज आला.

मी माणसं मोजली. पुन्हा मोजली. चौदा होती. मी वर होतो आणि खाली चौदा होते. माझ्या जागेवर कुणीतरी उभं होतं आणि ओळ पुरी झाली होती.

त्या वेळी मी ओरडायला हवं होतं. खालचा आवाज वर येत होता, म्हणजे वरचाही खाली गेला असता. एक हाक पुरली असती. पण माझं डोकं फिरलं. वाटलं, इतकी सोपी आहे का माझी जागा, की कुणीही येऊन भरावी? मी ठरवलं, यांतलं कुणी आपणहून वळून बघतंय का ते बघायचं. ओळ मोडली आणि सगळे उतरू लागले. वाटेच्या वळणावर मेजर थांबले. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि वळून वर पाहिलं. सरळ वंदनकडे, मी होतो त्या तटाकडे.

मी खाली बसलो. दगडाआड बसलो, म्हणजे लपलोच.

पुन्हा डोकं वर काढलं तेव्हा वाट रिकामी होती. मी पलीकडच्या अंगानं गुरांच्या वाटेनं उतरलो, त्यांची गाठ पडू नये म्हणून. खालच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर मिळाला, त्यावरून महामार्गापर्यंत आणि तिथून एसटीनं सातारा. दिवस मावळायच्या आत मी खोलीत होतो. पाय धुतले, विजारीतली कुसळं एकेक करून काढली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. कुणाला माझी आठवणही नाही, हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. त्याच्यात एक प्रकारचं सुख होतं, ते मी पुरेपूर घेतलं.

सोमवारी संध्याकाळी खानावळीत जेवायला बसलो होतो. दारात कुणीतरी सायकल टेकवली आणि मास्तर आत आले. त्यांनी मला पाहिलं आणि दाराच्या चौकटीलाच हात धरून उभे राहिले. मग समोरच्या बाकावर बसले, मावशींकडून पाणी मागितलं, तांब्या पुरा प्यायले आणि म्हणाले, “जिवंत आहेस.”

त्यांनी सांगितलं ते असं. खिंडीत गिनतीला सगळे उभे राहिले, तेव्हा त्या वाडीतला एक जवान, सुट्टीवर आलेला, पिशवी घेऊन एसटीला निघाला होता. तो ओळीच्या टोकाशी पोचला आणि नेमका मेजरांचा हुकूम सुटला. जवान तिथंच सावधानात उभा राहिला आणि तेरानंतर त्यानं चौदा म्हटलं. त्याच्या शेजारी मास्तरच होते पण ते वहीत किल्ल्याचं चित्र पुरं करत होते, मान वर न करताच त्यांनी आपला आकडा म्हटला होता. आकडा बरोबर आला म्हणून मेजरांनीही तोंडं पाहिली नाहीत. एसटी महामार्गाला लागल्यावर जवानानं आपलं वेगळं तिकीट काढलं, तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. तू ओळीत का उभा राहिलास, असं विचारल्यावर तो बिचारा म्हणाला, “गिनती कर म्हनल्याव पाय आपोआप थांबलं, सायेब. मला वाटलं तुमी कुठल्या तरी युनिटचं हाय.” एरवी मी यावर पोट धरून हसलो असतो.

मेजरांनी तिथंच गाडी थांबवली आणि ते उतरले. मास्तरही त्यांच्याबरोबर उतरले. दोघं पुन्हा सगळं चालत गेले. वंदन पाहिला, चंदन पाहिला, तटाच्या खालची झुडपं पाहिली. वाडीतल्या दोघांना बोलावून घेतलं आणि लांब बांबू घेऊन एकेका टाक्याचा तळ चाचपला.  मास्तर म्हणाले, बांबू कशाला तरी अडला की मेजर डोळे मिटून घ्यायचे.

काळोख पडल्यावर वाडीतल्या लोकांनी त्यांना खाली आणलं. सकाळी मेजर पुन्हा चढायला निघाले पण त्यांचा गुडघा उचलेना. मास्तरांनी त्यांना साताऱ्यात घरी आणून सोडलं आणि मग दिवसभर औद्योगिक वसाहतीच्या एकेका गेटवर चौकशी करत फिरले. नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. माधवनगरकडचा, चष्मा आहे, हडकुळा, कमी बोलतो. वॉचमन हसायचे. आडनाव न विचारण्याच्या नियमानं हा घोटाळा केला होता. शेवटी त्यांना आठवलं की एसटीत मी कागद कुठं वाचला ते सांगताना खानावळीचं नाव घेतलं होतं.

“मी रस्ता चुकलो आणि दुसऱ्या वाटेनं उतरलो,” मी म्हणालो. मास्तरांनी मान डोलावली. त्यांना एवढं पुरेसं होतं. ताटातलं जेवण तसंच ठेवून मी त्यांच्याबरोबर निघालो. ते पुढे सायकलवर, मी मागे माझ्या सायकलवर.

मेजरांचं घर एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते, गुडघ्यावर हळद-तेलाचं फडकं. त्यांच्या बायकोनं मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली. मास्तर दोन मिनिटं थांबून निघाले, त्यांना दोन दिवस घर दिसलं नव्हतं. मेजर उठायला लागले, मी नको नको म्हणत असताना भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले.

“मानूस मागं ठिवून आलो,” ते म्हणाले. “बावीस वर्सं नोकरी केली, पर असं कवा झालं न्हाई. तुज्या घरच्यांस्नी काय तोंड दावलं असतं मी?”

माझ्या घरच्यांना आठवडाभर तरी पत्ता लागला नसता, हे मी बोललो नाही. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता. ते हात खाली यावेत म्हणून मी एकच गोष्ट सांगायला हवी होती: मी तुम्हाला पाहिलं, तुम्ही वर पाहिलंत आणि मी लपलो. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी फक्त म्हणालो, असू द्या, होतं असं कधी कधी. म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्याची लाज मला आजही वाटते.

ते खाली बसले. त्यांच्या बायकोनं चहा आणला, माझ्या हातात कप देताना पाठीवरून हात फिरवला. मेजर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

“वरनं हाक का न्हाई मारलीस रं? खिंडीतनं तट दिसतोय की.”

“मारली की,” मी म्हणालो. “दोनतीनदा मारली.”

हे खोटं मी ठरवून बोललो नाही. ते इतक्या सहज आलं की मीच दचकलो. पण ते परत घेतलं नाही.

 मेजरांनी आपला उजवा कान दोन बोटांनी चिमटीत धरला आणि बायकोकडे वळून हळूच म्हणाले, “बग. म्या म्हनत हुतो का न्हाई. तोफखान्यात गेलाय ह्यो कान. ह्या पोरानं दोनतीनदा हाक मारली आन् मी म्होरं चालत सुटलो.” बायको म्हणाली, आवं, बाकीच्यांनाही ऐकू आली नाही, तुम्ही एकटे का मनाला लावून घेता. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ते म्हणाले की बाकीचे गप्पा मारत होते, कान देऊन ऐकायचं काम त्यांचं होतं. ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं माणसं घेऊन डोंगरात जाऊ नये. मास्तरांना सांगतो, पुढच्या रविवारपासून तुम्ही बघा. एवढं बोलून त्यांनी टोपी खुंटीला अडकवायला बायकोकडे दिली आणि मला म्हणाले, “तू मातूर येत जा. भ्यायचं न्हाई.”

मी चहा संपवला. निघताना त्यांच्या बायकोनं एका डब्यात लाडू भरून दिले. मी नको म्हटलं नाही.

खाली आलो, सायकलचं कुलूप काढलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो. आता सांगून टाकायचं, असं पक्कं ठरवलं होतं. मेजर मला जिन्यावरून ढकलून देतील, देऊ देत. पण त्यांचं डोंगरात जाणं तरी वाचेल. मी जिन्याच्या खालच्या पायरीशी आलो. वरचं दार उघडंच होतं, आतलं बोलणं खाली ऐकू येत होतं.

बायको स्वयंपाकघरातून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आवं, आलं का ऐकू?”

वरून काही उत्तर आलं नाही.

थोड्या वेळानं तिनं जरा मोठ्यानं विचारलं, “आलं का ऐकू?”

“व्हय,” मेजर म्हणाले. “आता आलं. ह्याच्या आदी एकांदा इचारलंस का?”

 ती म्हणाली, “न्हाई. हेच पयलं.”

खाली जिन्याशी मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. त्यांचा कान खरंच अधू होता, माझं खोटं त्यात खपून जाणार होतं, आणि मी वर गेलो नाही.